ओपलच्या अंगठीला हळद लागून खडा पिवळा पडलाय, रत्नाचा गुण गेला का?

हळकुंड_सांगली

नमस्कार मंडळी, आजवर नुसतीच वाचत होते, हा पहिलाच धागा.

आमचं सांगलीत हळद दळून पॅकिंग करून द्यायचं काम आहे. धाकट्या बहिणीला पाळीचा त्रास, पीसीओडी निघालं, वजन वाढलं, चेहऱ्यावर फोड, आणि त्यातच स्थळं बघणं चालू. आईनं पत्रिका दाखवली तर शुक्र कमजोर आहे म्हणाले, हिरा परवडत नसेल तर ओपल घाला चांदीत, तब्येत पण सुधारेल आणि लग्नही जमेल. मग सव्वापाच रत्तीचा घेतला. काय सुंदर खडा होता हो, पांढऱ्यावर हिरवे केशरी जांभळे ठिपके, हात हलवला की तेही हलायचे, मी तिचा हात धरून बघतच बसायचे.

आता झालंय असं की ती रोज गिरणीत येते, हात हळदीत असतातच. खडा पिवळट पडला. आणि मध्ये भांडी घासून झाल्यावर बघितलं तर आतले रंगच गायब, आरपार दिसायला लागला, दुसऱ्या दिवशी रंग परत आले पण पिवळेपणा तसाच. ज्यांच्याकडनं घेतला ते म्हणतात खड्यानं तुमचा दोष ओढून घेतला, त्याचं काम झालं, आता नवीन घाला. आई घाबरलीय. खडा खोटा होता का, हा पिवळेपणा निघतो का, आणि मुळात ओपलचा तब्येतीला उपयोग होतो का हो? जाणकारांनी सांगा.

मिरजेचा_तंबोरा

लग्नासाठी घेतलेला ओपल आणि पहिली हळद त्यालाच लागली, शकुन उत्तम आहे ताई :)
बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसतो.

भूस्तर

ताई, खड्यानं कुणाचा दोष ओढलेला नाही, त्यानं हळद ओढलीय. पाण्यात रंग गायब होणं आणि वाळल्यावर परत येणं, तुम्ही दिलेले हे दोन तपशील फार कामाचे आहेत. त्यावरून खडा इथिओपियाचा असावा असं दिसतंय. तिथल्या वोलो भागात २००८ साली मोठा साठा सापडला, आणि ऑस्ट्रेलियन मालापेक्षा स्वस्त पडतो म्हणून आपल्याकडं तोच भरपूर येतो. हा ओपल सच्छिद्र असतो. पाणी आत शिरलं की छिद्रांतली हवा निघून जाते आणि खडा आरपार दिसायला लागतो, रंगही मावळतात. सुकला की परत पहिल्यासारखा. अशा ओपलला हायड्रोफेन म्हणतात. पण पाण्याबरोबर जे येईल तेही आत जातं, साबण, तेल, अत्तर, आणि तुमच्या बाबतीत हळद. म्हणजे तुमचा खडा बहुतेक खोटा नाही, खोटी काच असती तर हळद वरच्यावर पुसून गेली असती.

मुळात ओपल ही सिलिका आहे, वाळूत आणि गारगोटीत असते तीच, फक्त पाणी धरून बसलेली. सहसा ३ ते १० टक्के पाणी, काही ओपलमध्ये त्याहून जास्त. आणि हा स्फटिक नव्हे. गारगोटीत अणूंची रचना ठरलेली असते, ओपलमध्ये तशी नसते. त्याऐवजी सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचे, आणि फळवाला संत्री रचतो तसे ते थरावर थर रचून बसलेले असतात. त्यांच्या मधल्या फटींतून जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो वळून पसरतो, आणि रंग सुटे होतात. गोळे लहान असले तर निळा-जांभळाच दिसतो, लाल दिसायला गोळे मोठे लागतात, म्हणून लाल झगमगणारा ओपल महाग. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे गोळे पाहिले. म्हणजे दोन हजार वर्षं लोक हे रंग बघून वेडे होत होते आणि कारण कळलं ते आपल्या आईवडिलांच्या काळात. मला ही गोष्ट कितीही वेळा वर्गात सांगितली तरी कंटाळा येत नाही.

साफ कसा करायचा ते जरा सविस्तर लिहितो, कॉलेजातून आल्यावर.

विटेकर_जयपूर

राम राम ताई. मी आपल्या खानापूर तालुक्यातला, गलाईवाल्याच्या घरातला. आपल्या विटा-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगल्यात, तसा मी जयपूरला. इथं खड्यांच्या बाजारात रोजचं येणंजाणं. भूस्तर सर म्हणतायत ते खरंय, इथिओपियाचा कच्चा माल इथं जयपुरात लई येतो, इथंच कापून पॉलिश होतो आणि मग सगळ्या देशात जातो.

आमच्या धंद्यातलं सांगतो. जुना दागिना गाळायला आला आणि त्यात ओपल दिसला की आम्ही आधी खडा काढून आणायला सांगतो. आच लागली की आतलं पाणी तापतंय आणि खडा तडकतोय, हिऱ्या-माणकाचा हिशोब त्याला लावता येत नाही. त्यामुळं सोनाराकडं अंगठी सैल-घट्ट करायला दिली आणि त्यानं खडा न काढता टाका मारला तर गेला समजा.

आता वजनाचं बघा. हा इथिओपियन खडा पाणी पितो म्हणजे भिजवला की वजन वाढतं. तेव्हा ओला, आरपार दिसणारा खडा तोलून घेऊ नका, वाळल्यावर तोला. आणि रत्ती म्हणजे नेमकी किती ते आधी विचारा. जुनी सोनारी रत्ती १२१ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि राशीच्या खड्यांच्या दुकानात रत्ती धरतात ती सुमारे ०.९१ कॅरेटची म्हणजे १८२ मिलिग्रॅम. बिलावर कॅरेटच लिहून घ्यायचं, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात घोळ नाही.

"काम झालं, नवीन घ्या" म्हणणाऱ्या माणसाचा मात्र मला राग आलाय. त्याला घेतानाच सांगायला पाहिजे होतं की खडा पाणी पितो, हळदीत-तेलात घालू नका.

शुभांगी_के

+१ विटेकर. विकताना एक वाक्य सांगायला काय जातं?

वाईकर_गुरुजी

श्रद्धेनं घातलेल्या वस्तूबद्दल बोलताना थोडं जपून बोलावं असं मला वाटतं, तरीही दोन गोष्टी सांगतो, आणि त्या आमच्याच बाजूच्या लोकांना सांगतो.

नवरत्नांत ओपल नाही. माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या ही नऊ. शुक्राचं रत्न हिरा. ओपल हा त्याला पर्याय म्हणून अलीकडं सर्रास दिला जातो. तेव्हा "शास्त्रात ओपलच लिहिलाय" असं कुणी सांगितलं तर त्याला ग्रंथ विचारावा.

दुसरं, खडा धारण करण्याआधी कच्च्या दुधात, मधात, गंगाजलात बुडवून ठेवायला सांगतात. हिऱ्याला, माणकाला त्यानं फारसं काही होत नाही. पण वर वाचलं त्याप्रमाणे हा खडा दूध आणि मध आत ओढून घेणार. मी माझ्या यजमानांना सांगतो की ओपल असेल तर अभिषेक करूच नका, तांब्याच्या ताम्हनात अक्षतांवर ठेवा, पांढरं फूल वाहा, जप करा, झालं. देवाला खडा भिजलेलाच पाहिजे असं काही नाही.

आणि दोष ओढून घेतला वगैरे म्हणून दुसरा खडा विकणं हे मला पटत नाही. मुलीच्या आईच्या भीतीवर धंदा करू नये.

तर्कट

गुरुजी, आदर ठेवून विचारतो. खडा पर्यायी, ग्रंथात नाही, परिणामाचा पुरावा नाही, मग तुम्ही स्वतः तो घाला म्हणून सांगता का?

वाईकर_गुरुजी

मी स्वतःहून सांगत नाही. कुणी घेऊन आलं तर परत पाठवत नाही. माणूस अडचणीत असतो तेव्हा त्याला हातात धरायला काहीतरी लागतं, जप असेल, खडा असेल. औषध बंद कर म्हणून मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

डॉक्टर_कृष्णाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळं खड्यापेक्षा मला बहिणीची काळजी जास्त वाटली. धागाकर्ती ताई, ती डॉक्टरांच्या गोळ्या घेतेय ना? की अंगठी घातल्यावर बंद केल्या?

हळकुंड_सांगली

डॉक्टर मॅडम, खरं सांगते, बंद केल्यात. गोळ्यांनी मळमळतं म्हणायची, त्यात अंगठी आली तर आई म्हणाली बघू आता यानं काय होतंय. पाळी येऊन बरेच महिने झाले.

डॉक्टर_कृष्णाकाठ

मग बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात तिला दाखवा. पीसीओडीत बीज वेळेवर सुटत नाही म्हणून पाळी लांबते. महिनोन्महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि ते पुढं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून पाळी आणावी लागते. बऱ्याच मुलींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, वजन त्यामुळंच वाढतं आणि वाढलेल्या वजनानं त्रास आणखी वाढतो. वजन ५ ते १० टक्के जरी कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते. मळमळ होत असेल तर गोळी बदलता येते, जेवणाबरोबर घेता येते, डोस हळूहळू वाढवता येतो. हे तुमच्या डॉक्टरांना सांगा, न सांगता बंद करू नका. साखर, थायरॉइड तपासून घ्या.

अंगठी घालायची असेल तर खुशाल घालू दे, मला काहीच म्हणायचं नाही. पण बोटावरचा दगड बीजकोशापर्यंत काही पोचवत नाही हे मी स्पष्ट लिहिते, कारण माझ्याकडं अशा मुली येतात आणि तोवर वर्ष गेलेलं असतं.

क्रिस्टल_साधना

मी क्रिस्टल हीलिंगचा कोर्स केलाय. ओपल स्वाधिष्ठान चक्रावर काम करतो, भावना मोकळ्या करतो, स्त्रियांना विशेष चांगला. प्रत्येक क्रिस्टलला स्वतःचं कंपन असतं, घड्याळात क्वार्ट्झ बसवतात तो उगीच का? विज्ञानानंच मान्य केलंय. पिवळा पडलाय म्हणजे खड्याची एनर्जी भरून गेली, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, क्लीन्स होईल.

भूस्तर

साधनाताई, मिठाचं पाणी अजिबात नको! मीठ छिद्रांत जाऊन बसेल. धागाकर्ती ताई, कृपा करून हे करू नका.

कंपनाचं सांगतो. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलट त्याला वीज दिली की तो थरथरतो. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण बॅटरी काढली की गप्प. आणि हा गुण क्वार्ट्झच्या अणूंच्या ठरलेल्या रचनेतून येतो. ओपलमध्ये ती रचनाच नाही, तो क्रिस्टल नाहीच. त्यामुळं घड्याळाचा दाखला ओपलला लागू होत नाही.

आता साफ करण्याबद्दल. हळदीचा रंग म्हणजे कुरकुमिन, तो साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नुसतं भिजवून सगळा निघेल अशी आशा ठेवू नका. पण कुरकुमिनचा एक शत्रू आहे, उजेड. हळद लागलेला कपडा उन्हात टाकला की डाग फिका होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तर असं करा, खडा अंगठीतून काढून घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी बदलत राहा म्हणजे साबण-क्षार निघतील. मग स्वच्छ सुती कापडावर सावलीत हळूहळू वाळू द्या, हेअर ड्रायर नको, एकदम वाळला तर बारीक तडे जातात. पूर्ण वाळला की खिडकीत उजेड येतो तिथं ठेवा, पण कडक ऊन लागेल असा नको, तापला तर तडकेल. टूथपेस्ट, खायचा सोडा, ब्लीच, सोनाराचं अल्ट्रासॉनिक मशीन, गरम पाणी, यातलं काही नको. ओपलची कठिणता ५.५ ते ६.५, आणि घरातल्या धुळीत क्वार्ट्झ असतो त्याची ७, म्हणून कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं तरी ओरखडे पडतात. अल्कोहोल किंवा ॲसिटोननं कुरकुमिन निघू शकतं पण ते घरी करू नका, ओपलचं काम करणाऱ्या माणसालाच द्या.

पाटणची_पोर

म्हणजे जीभ लावून बघायची ती ट्रिक खरी आहे का? एका बाईंनी सांगितलेलं, इथिओपियन ओपल जिभेला चिकटतो.

विटेकर_जयपूर

व्हय, खरी हाय, कोरडा असला तर चिकटतोय, पाणी ओढतो ना. पण दुकानात सगळ्यांनी चाटून बघितलं तर कसं व्हायचं :D

नकली ओळखायचं तर अंगठी आडवी धरून कडेनं बघा. पातळ ओपलच्या खाली काळी पाटी चिकटवली असली की तो डब्लेट, वर परत काचेची टोपी असली की ट्रिप्लेट. पाठ बंद असलेल्या अंगठीत हे कळत नाही, म्हणून पाठ उघडी असलेली घडवून घ्यावी. दुधाळ-निळसर झाक मारणारी ओपलाइट म्हणून काच येते, तिच्यात रंगाचे ठिपके हलत नाहीत. आणि कारखान्यात वाढवलेला ओपल पण १९७० च्या दशकापासनं बाजारात हाय, त्यात रंगाचे तुकडे एकदम सरळ रेषेत, आणि भिंगातनं बघितलं तर सरड्याच्या कातडीची नक्षी. स्वस्तातला काळा इथिओपियन ओपल दिसला तर विचारा, बहुतेक धूर देऊन काळा केलेला असतो. तेही सांगून विकलं तर माझं काही म्हणणं नाही.

इतिहासवाल्या_बाई

मस्त चाललाय धागा. थोडा इतिहास टाकते.

रोमचा प्लिनी, पहिल्या शतकातला, त्यानं ओपलचं काय वर्णन केलंय! माणकाची आग, ॲमेथिस्टची जांभळी झळाळी आणि पाचूचा समुद्री हिरवा, सगळं एकाच दगडात नांदतं म्हणतो. आणि गंमत म्हणजे ओपल भारतातून येतो असं तो लिहितो. प्रत्यक्षात युरोपातला जुना ओपल आजच्या स्लोव्हाकियातल्या दुब्निकच्या खाणींतला असावा असं मानतात. तोच प्लिनी नोनियस नावाच्या सिनेटरची हकीकत सांगतो. त्याच्या अंगठीत हेझलनटएवढा ओपल होता, रोमचा सत्ताधीश मार्क अँटनी, त्याला तो हवा होता, नोनियसनं देश सोडला पण अंगठी दिली नाही. आणि खोटे ओपल काचेचे बनवतात, ते उन्हात धरून ओळखावेत, हेही त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे विटेकर दादा, तुमची परंपरा दोन हजार वर्षांची आहे.

औषधी समजुती युरोपातही होत्या. मध्ययुगात ओपल डोळ्यांना चांगला मानत. त्याच्या जोडीला असंही की ओपल जवळ असलेला माणूस दुसऱ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला चोरांचा पाठीराखा म्हणत! मग १८२९ साली एक इंग्रजी कादंबरी आली, त्यात एका स्त्रीच्या केसांतल्या ओपलवर पवित्र पाण्याचे थेंब पडतात, खड्याचं तेज जातं आणि पाठोपाठ तिचा अंत होतो. तेव्हापासून तिकडं ओपल अपशकुनी ठरला. व्हिक्टोरिया राणीला मात्र तो फार आवडायचा, तिनं लेकींना दिले. तिच्या एका मुकुटातले ओपल पुढं सुनेनं, अलेक्झांड्रा राणीनं, १९०२ साली काढून माणकं बसवली. सासूला शुभ ते सुनेला अशुभ. दगड तोच. आपल्याकडं आज तो लग्न जमवतो आणि शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये नवरीला देत नसत, यावर काय म्हणाल गुरुजी?

वाईकर_गुरुजी

म्हणेन की देशाचार वेगळे. पण तुम्ही विचारात पाडलंत हे कबूल.

मिरजेचा_तंबोरा

ऑस्ट्रेलियाचं राहिलं की बाई.

इतिहासवाल्या_बाई

हो हो. तिथं कूबर पीडी गावाजवळ १९१५ साली सोनं शोधायला गेलेल्या टोळीतल्या १४ वर्षांच्या मुलाला ओपल सापडला. आज तिथं बरीच माणसं जमिनीखाली घरं करून राहतात, वर उष्णता सोसत नाही म्हणून. १९९३ पासून ओपल हे ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय रत्न आहे.

हरिपूरचा_पेव

जमिनीखालचं म्हटलं की आमच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, आठवली. हळद पेवात घातली की वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही काही नाही. २००५ च्या पुरानं वाट लावली त्यांची. अवांतराबद्दल माफी, पण सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि इकडं आपण तिलाच डाग म्हणतोय हे बघवेना.

वैद्य_सातारारोड

आयुर्वेदाच्या नावावर रत्नं खपवली जातात म्हणून लिहितो. रसशास्त्रात रत्नांचा औषधी वापर आहे, पण तो पोटात घेण्याचा. प्रवाळ, मुक्ता (मोती), अकीक (अगेट) यांची पिष्टी म्हणजे बारीक पूड आम्ही देतो. शोधन म्हणजे शुद्धी करून, खलात दिवसेंदिवस घोटून, मात्रा ठरवून. प्रवाळ आणि मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते पोटात जाऊन काहीतरी करतं हे समजण्यासारखं आहे. वैक्रांत, राजावर्त, पेरोज अशी उपरत्नंही सांगितलीत. ओपलची पिष्टी मात्र मी कधी दिली नाही. आणि कुणी ओपल रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्या म्हणत असेल तर पिऊ नका. रंगवलेल्या, धूर दिलेल्या, तेल पाजलेल्या खड्यातून त्या पाण्यात काय उतरेल कोण सांगणार? बहिणीच्या त्रासाबद्दल डॉक्टर मॅडमशी पूर्ण सहमत. आयुर्वेदिक उपचार करायचे तरी तपासण्या करूनच.

तर्कट

वैद्यबुवा, पिष्टीलाही पुरावा हवाच, पण ते दुसऱ्या धाग्यावर भांडू.

वैद्य_सातारारोड

जरूर, मी येतो.

विटेकर_जयपूर

दगड बरे करतात की नाही माहीत नाही, पण दगडानं माणसं आजारी पडलेली मी बघितल्यात. गुजरातेत खंभातला अकीक घासायचं काम घरोघर चालतं. कोरडं घासलं की सिलिकेची धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, त्याला बरं करणारं औषध नाही. तरणी माणसं दम लागून घरी बसल्यात. तोच अकीक पुढं माळेत ओवून "आरोग्यासाठी" विकला जातो. घासताना पाणी सोडलं आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसवला तर किती फरक पडेल. मी तर खडा घेताना कारागिराला विचारतो, पाण्यावर घासतोस का म्हणून. सगळ्यांनी विचारलं तर मालक लोक ऐकतील.

शुभांगी_के

दादा, हे माहीतच नव्हतं. माझ्याकडं अकीकची माळ आहे. वाचून गलबललं.

डॉक्टर_कृष्णाकाठ

विटेकर, अगदी बरोबर लिहिलंत. सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोकाही वाढतो.

हळकुंड_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. बहिणीला डॉक्टरांकडं नेऊन आणलं, सोनोग्राफी आणि रक्त तपासलं, गोळी बदलून दिलीय, जेवणाबरोबर घ्यायला सांगितलीय, आणि ती आता रोज संध्याकाळी आमराईत चालायला जाते. खडा काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला, पाणी बदलत राहिले, मग वाळवून खिडकीत ठेवलाय. पिवळेपणा बराच कमी झालाय पण कडेला आहे अजून. आईला गुरुजींचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिला तेवढा एकच पटला :) नवीन खडा घ्यायचा विषय बंद. बहीण म्हणते अंगठी नको, पेंडंट करू, हळदीपासून लांब राहील. पाठ उघडी ठेवायला सांगेन.

विटेकर_जयपूर

पेंडंटच बरं. आणि अत्तर-स्प्रे मारून झाल्यावर घालायचं, आधी नाही.

माणदेशी_विहीर

भूस्तर सर, एक विचारायचं होतं. आमच्याकडं विहीर खोदताना काळ्या दगडात पोकळ्या लागल्या, आत पांढरे-हिरवट सुयासारखे आणि चकत्यासारखे खडे, आणि एका ठिकाणी दुधाळ गुळगुळीत थर. एक माणूस येऊन पोत्याच्या भावानं मागतोय. हा ओपल असेल का? सातारा जिल्ह्यात ओपल सापडतो?

भूस्तर

सापडतो, पण रंगांचा खेळ नसलेला साधा ओपल. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर खनिजांचं पाणी झिरपत गेलं आणि स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, गारगोटी, अकीक असं बरंच काही वाढलं. तुमच्या सुया आणि चकत्या यांतल्याच असणार. असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेत, आपल्याकडं सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, एकदा घरच्यांना घेऊन बघून या. साधा ओपल तर मंगळावरही आहे, २००८ साली मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं पाणी धरलेल्या सिलिकेच्या खुणा टिपल्या, आणि त्यावरूनच तिथं पूर्वी पाणी होतं या म्हणण्याला बळ मिळालं.

दुधाळ थर ओपल आहे की अकीकच्या जातीचा, हे घरी ढोबळ बघता येतं. स्टीलच्या चाकूच्या टोकानं न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओरखडा काढून बघा. अकीकवर उमटणार नाही, ओपलवर चाकू चांगला असेल तर उमटू शकतो. हातात घेतल्यावर ओपल हलकाही लागतो, घनता २.१ च्या आसपास, अकीकची २.६. नक्की सांगायचं तर प्रयोगशाळेत बघावं लागेल. सुया हातोडीनं काढायला जाऊ नका, दगडासकट अख्खा तुकडा ठेवा, मोडलेल्याची किंमत शून्य. आणि पोत्याच्या भावानं देऊ नका. स्वच्छ उजेडात फोटो काढून इथं टाका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल.

माणदेशी_विहीर

टाकतो सर. त्या माणसाला थांब म्हणून सांगितलंय.